मावळ्याच्या पायाखाली काय आहे?



दिवाळी तोंडावर आली की बाजारात मावळे येतात. हातगाड्यांवर, रस्त्याकडेला प्लास्टिक अंथरून, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानाबाहेर खोक्यांत. यंदा घ्याल तेव्हा एक गोष्ट करून बघा. चार मावळे हातात घ्या आणि त्यांच्याकडे वरून खाली बघत या. पगड्यांचे रंग वेगळे, मिशा वेगळ्या. एकाच्या हातात भाला, दुसऱ्याच्या तलवार, तिसरा तुतारी फुंकतोय. आणि पायाखाली? चौघांच्याही पायाखाली तोच हिरवा गोल तुकडा. ब्रशचा एक फटकारा मारला की झाली जमीन.

कारागिराला मी दोष देत नाही. त्याला एका दिवसात किती नग रंगवायचे असतात आणि एका नगामागे काय मिळतं, ते आपण जाणतो. माझं म्हणणं आपल्यासाठी आहे, म्हणजे शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी. तो हिरवा तुकडा आपण तसाच सोडून देतो, आणि शिकवण्यासारखं जे आहे ते नेमकं तिथेच आहे. मावळा विकत आणा, हरकत नाही. पण त्याच्या पायाखालची जमीन मुलांना स्वतः करू द्या. संपूर्ण किल्ला झाला नाही तरी चालेल. बरणीच्या एका झाकणाएवढी जमीन पुरे.

हे माझ्या डोक्यात आलं माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला वॉरहॅमर नावाच्या खेळाचा नाद आहे. १९८३ साली इंग्लंडमध्ये निघालेला हा टेबलावरचा युद्धाचा खेळ. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक स्वतः जोडायचे, स्वतः रंगवायचे आणि मग टेबलावर मांडून खेळायचं. त्याची आई, म्हणजे माझी ताई, म्हणते की एवढ्या पैशात एक सायकल आली असती. मीही आधी हसलेच होते. पण एकदा त्याच्याकडे राहायला गेले तेव्हा तो रात्री उशिरापर्यंत एका सैनिकाच्या पायाखालच्या गोल चकतीवर काम करत बसला होता. सैनिक रंगवून कधीच झाला होता. चकती अडीच-तीन सेंटिमीटरची, आपल्या कॅरमच्या सोंगटीएवढी. तिच्यावर फेव्हिकॉल, वर वाळू, वाळूवर रंग, मग बुचाच्या लाकडाचा तुकडा खडक म्हणून, शेवटी सुकलेल्या गवताचे झुबके.

मी विचारलं, "अरे, तिथे कोण बघणार आहे?"

तो म्हणाला, "मावशी, हे केलं नाही तर तो कुठेच उभा नसतो."

चकती मुळात असते ती सैनिक पडू नये म्हणून. शिवाय त्या खेळात दोन सैनिकांमधलं अंतर चकतीच्या कडेपासून मोजतात, म्हणून तिचं माप ठरलेलं असतं. पण हौशी लोकांनी त्या एवढ्याशा जागेचं शेत करून ठेवलंय. कुणी बर्फ करतं, कुणी वाळवंट, कुणी पडक्या घराची फरशी. भाच्याच्या कपाटात चाळीसेक सैनिक आहेत. कपडे वेगवेगळे, पण सगळ्यांच्या पायाखाली एकच तांबूस खडकाळ माती. त्यामुळे लांबून बघितलं तरी कळतं की ही एक फौज आहे आणि एकाच मुलखातून चाललीय. हे मला फार आवडलं.

परत आले ती डोक्यात चौथीचा वर्ग घेऊनच. चौथीला परिसर अभ्यास भाग २ मध्ये शिवछत्रपतींचा इतिहास आहे. दरवर्षी आपण शिकवतो, मुलं गोष्टी ऐकतात, डोळे मोठे करतात, आणि पेपरात 'रिकाम्या जागा भरा' भरतात. त्या वर्षी मी वर्गात सांगितलं की घरून बरणीचं एक झाकण आणि एक मावळा आणायचा. ज्यांच्याकडे मावळा नव्हता त्यांच्यासाठी मीच आणले.

पहिला तास गणितातच गेला, आणि तो मी ठरवलेला नव्हता. मावळा मोजला तर ७ सेंटिमीटर. माणसाची उंची आपण १६८ सेंटिमीटर धरली. १६८ भागिले ७ म्हणजे २४. म्हणजे आपला एक सेंटिमीटर मावळ्यासाठी २४ सेंटिमीटर. झाकणाचा व्यास मोजला तर तोही ७ निघाला. "बाई, म्हणजे मावळा आडवा झोपला तर बरोबर मावेल एवढीच जागा!" हे एका मुलीने फळ्याकडे न बघता सांगितलं. मग झुंबड उडाली. दोन सेंटिमीटरचा खडा म्हणजे ४८ सेंटिमीटरचा धोंडा, गुडघ्याएवढा. एक मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे मोठ्या गोटीएवढा दगड. आणि किल्ल्यावर आपण हौसेने हळीव पेरतो ना? त्याचे कोंब पाच सेंटिमीटर वाढले की मावळा १२० सेंटिमीटर गवतात उभा असतो, छातीपर्यंत बुडून! प्रमाण हा शब्द मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय, पण त्या दिवशी मुलं खिशातून खडे काढून पट्टीने मोजत होती आणि "हा नको, हा फार मोठा धोंडा होतोय" असं एकमेकांना सांगत होती.

दुसरा प्रश्न मी विचारला तो मात्र ठरवून. "तुमचा मावळा कुठे उभा आहे, आणि महिना कोणता आहे?"

वर्ग गप्प. मग आम्ही पुस्तक उघडलं. पावनखिंडीची लढाई १६६० च्या जुलैची. आषाढातला पाऊस, चिखल, रात्रभर चालून आलेली माणसं. प्रतापगडचा प्रसंग १६५९ च्या नोव्हेंबरचा. पाऊस संपलेला, जावळीचं रान दाट, खाली पाचोळा पडायला लागलेला. सिंहगड ४ फेब्रुवारी १६७० चा. माघ महिना. सह्याद्रीतलं गवत फेब्रुवारीत कसं असतं? आमचं गाव डोंगराच्या पायथ्याचं, त्यामुळे हे उत्तर मला द्यावं लागलं नाही. पिवळं, करकरीत वाळलेलं, कुठे वणव्याने काळं झालेलं.

आता बघा, तीन प्रसंग आणि तीन वेगळ्या जमिनी. आपण मात्र तिन्ही ठिकाणी हिरवा भुसा टाकून मोकळे होतो. मी स्वतः टाकत आले. बाजीप्रभूंच्या मावळ्याच्या पोटऱ्यांना चिखल हवा आणि तानाजींच्या मावळ्याच्या पायाखाली गवत मोडल्याचा आवाज यायला हवा, हे बत्तीस वर्षांच्या बाईला, डीएड होऊन दहा वर्षं शिकवल्यावर, झाकणाएवढी जमीन करताना सुचावं!

तेवीस मुलांचे चार गट केले. चौथा गट म्हणाला, आम्हाला समुद्र पाहिजे. म्हणून त्यांना सिंधुदुर्ग दिला. १६६४ साली त्याचं बांधकाम सुरू झालं, तेही समुद्रातल्या बेटावर. तिथे लढणारा मावळा नको, दगड वाहणारा हवा असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. मग भाला काढून मावळ्याच्या खांद्यावर खडा चिकटवला.

आता थोडं करायच्या पद्धतीबद्दल, कारण पुष्कळ जण विचारतात. पुठ्ठा घेऊ नका. फेव्हिकॉल ओला लागला की पुठ्ठा वाळताना वाकतो आणि मावळा लंगडा उभा राहतो. आमचे पहिले सहा असेच वाया गेले. झाकण बरं. मात्र प्लास्टिक गुळगुळीत असतं, त्यावर पॉलिश पेपर घासून घ्यायचा, नाहीतर सगळी जमीन एके दिवशी पापुद्र्यासारखी अख्खी निघून येते. झाकण पालथं न ठेवता उताणं ठेवून आत शाडू भरली तर खाली वजन येतं आणि भाला उगारलेला मावळा तोंडावर पडत नाही. शाडू ओली असतानाच मावळा त्यात थोडा दाबून बसवायचा, म्हणजे त्याचा तो हिरवा तुकडाही झाकला जातो. वाळल्यावर चिरा पडतात. पडू द्या, फेब्रुवारीची जमीन अशीच असते. जुलैवाल्यांनी चिरा बुजवाव्यात.

खडकासाठी विकतचं काही लागत नाही. झाडाची सुटलेली जाड साल उभी-आडवी मोडून लावली की हुबेहूब कडा दिसतो. रंगवताना मुलं काळा फासतात आणि थांबतात. आपला सह्याद्रीचा दगड बेसॉल्ट आहे, काळा खरा, पण उन्हापावसात राहिलेला कातळ नुसता काळा दिसत नाही. भाच्याने शिकवलेली एक युक्ती इथे फार उपयोगी पडली. आधी सगळं काळं करून वाळू द्यायचं. मग ब्रशला राखाडी रंग घ्यायचा आणि तो जुन्या वर्तमानपत्रावर पुसत राहायचा, इतका की ब्रश जवळजवळ कोरडा होईल. तो कोरडा ब्रश खडकावरून हलक्या हाताने फिरवला की रंग फक्त उंच कडांना लागतो, खाचा काळ्याच राहतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा वर्गात "ओऽऽ" असा आवाज आला. मुलं एरवी रंग कमी पडतो म्हणून रडतात. इथे रंग पुसून टाकल्यावर चित्र येतं, हे त्यांना जादूसारखं वाटतं. शेवटी पांढरट ठिपके, दगडफुलासारखे, पण दोन-तीनच.

सुकं गवत काथ्याचं करायचं. नारळाच्या शेंडीचे बारीक धागे कापून, चिमटीत धरून, बूड फेव्हिकॉलात बुडवून उभे करायचे. परदेशी हौशी लोक नायलॉनचे तंतू विजेच्या भाराने उभे करणारं यंत्र वापरतात. आपली चिमूट पुरते. कोकणच्या तांबड्या मातीसाठी विटेचा नाहीतर फुटक्या कौलाचा चुरा. पाचोळ्यासाठी चहाची वापरलेली पावडर, पण ती धुऊन कडक उन्हात वाळवा हो! आमच्या जावळीच्या गटाने साखर-दुधासकट लावली होती. चौथ्या दिवशी पाच झाकणांवर बुरशी आली. एक जण म्हणाला, "बाई, जंगलात बुरशी असतेच की." त्याचं बरोबर होतं, पण वासामुळे वर्गात बसवेना.

आता जे सांगायचंय ते सांगताना मला अजूनही जरा अवघड होतं.

सिंहगडाच्या गटात एक मुलगा होता. वाचनात मागे, वहीत अक्षर धड नाही, परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर 'विशेष लक्ष द्यावे' असा. त्याने केलेली जमीन म्हणजे एक तिरका काळा कातळ, वर दोन ठिकाणी पिवळ्या काडीचे झुबके आणि मधे सगळं उघडं. बाकीच्यांची झाकणं भरगच्च होती. दुसऱ्या दिवशी शाळेत पाहुणे येणार होते. संध्याकाळी मी टेबलावर सगळं मांडत होते आणि त्याचं झाकण मला अपुरं वाटलं. वाटलं, बिचाऱ्याचं कमी दिसेल. कपाटात मागच्या वर्षीचा हिरवा भुसा होता. मी फेव्हिकॉल लावला आणि त्याच्या कातळावर भुसा टाकला. चांगल्या मनाने टाकला हेही खरं.

सकाळी तो आला, झाकणाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ह्याच्यावर पाऊस पडला का?"

मला आधी कळलंच नाही. मग तोच म्हणाला, "आम्ही शेरडं नेतो ना डोंगराला, वरच्या अंगाला. ह्या दिवसांत तिथं काय नसतं. म्हणून शेरडं पण थांबत नाहीत तिथं."

आख्ख्या वर्गात फेब्रुवारीचा डोंगर पायाने ओळखणारा तो एकटा होता. त्याचं झाकण अपुरं नव्हतं, बरोबर होतं. माझ्याच प्रश्नाचं, "कुठे आणि कोणता महिना" या प्रश्नाचं, सगळ्यांत नेमकं उत्तर त्याने दिलं होतं आणि मी ते खोडून वर हिरवं उत्तर लिहिलं होतं. भुसा खरवडायचा प्रयत्न केला, तर त्याने एवढ्या कष्टाने कोरड्या ब्रशने काढलेला राखाडी रंगही सुटायला लागला. तो म्हणाला, "राहू द्या बाई." पाहुणे आले. त्यांनी नेमकं तेच झाकण उचललं आणि म्हणाले, "वा, छान हिरवंगार केलंय." तो मागच्या रांगेत होता. सुट्टी लागताना सगळ्यांनी आपापली झाकणं घरी नेली, त्याने नेलं नाही. ते अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून पालकहो, तुम्ही मुलाच्या प्रकल्पाला 'थोडासा हात लावता', तेव्हा मला राग येत नाही. मी तेच केलंय. पण मोठ्या माणसाचा हात बहुतेक वेळा हिरवा भुसाच टाकतो. आपल्याला भरगच्च, नीटनेटकं, फोटोत चांगलं दिसणारं हवं असतं. ते ग्रुपवर टाकायचं असतं. मुलाला काय दिसलं होतं ते त्याखाली जातं.

याला काही जणांचे आक्षेप आहेत. एक आई म्हणाल्या, "मॅडम, आम्ही दोघंही कामावर, घर दुसऱ्या मजल्यावर, माती कुठून आणू? तयार किल्ला आणला तर बिघडलं कुठे?" काहीच बिघडलं नाही. तयार किल्ला आणा, खुशाल मांडा. म्हणून तर मी झाकण म्हणतेय. ते जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर होतं, मूठभर मातीत होतं, आणि तुम्ही घरी नसताना होतं. उलट तुम्ही नसलेलंच बरं! आमच्याच एका सहकाऱ्यांनी विचारलं की यात मूल्यमापन काय करणार. सुंदर दिसतं त्याला जास्त गुण दिले, तर ज्यांच्या घरी रंगपेटी चांगली त्यांनाच मिळणार. हा प्रश्न रास्त आहे आणि मला उत्तर सापडायला वर्ष लागलं. आता मी झाकण उलटं करून बघते. मुलाने तळाला खडूने नाहीतर मार्करने जागा आणि महिना लिहायचा असतो. मग मी विचारते, "इथे हा खडा का? हे गवत या रंगाचं का?" कारण सांगता आलं की झालं. कारण चुकलं तरी ते मुलाचं स्वतःचं असेल तर मी त्यावर बोलत बसते, गुण कापत नाही. आणि जे झाकण आईबाबांनी केलंय ते या प्रश्नावर लगेच कळतं. मूल माझ्याकडे न बघता दाराकडे बघतं.

अभ्यास सोडून हे काय चाललंय, या आक्षेपाला मी फार वेळ देत नाही. प्रमाण, ऋतू, खडक, मृदा आणि इतिहास एवढं एका झाकणात बसत असेल तर अजून कुठला अभ्यास राहिला?

एक मात्र कबूल करते. यात वेळ जातो. आमचे सहा-सात तास गेले आणि दोन धडे मागे पडले. ते नंतर घाईने घेतले. ज्यांचा पट चाळीस-पन्नासचा आहे त्यांना हे जसंच्या तसं जमणार नाही. त्यांनी पाच मुलांत एक झाकण करावं, पण मग पाचांचं भांडण व्हायला हवं, जागा कोणती आणि महिना कोणता यावर. ते भांडण मिटवायला लगेच जाऊ नका.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने आपले किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. एकूण बारा, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड, रायगड, साल्हेर, खांदेरी, सगळे वेगवेगळ्या भूमीवर उभे. यादीचं मूळ नावच मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांवरून आहे, म्हणजे नुसत्या तटा-बुरुजांना नाही, जमिनीलाही मान आहे. यंदा मी प्रत्येक गटाला त्या बारांतला एक किल्ला वाटून देणार आहे. जिंजी कुणाला द्यायचा हे ठरत नाहीये, कारण तिथली जमीन आमच्यापैकी कुणीच पाहिलेली नाही, मीसुद्धा. फोटो बघून करावी लागेल, किंवा तिकडच्या एखाद्या शिक्षकांना विचारावं लागेल. वाचकांत कुणी तिकडे जाऊन आलं असेल तर तिथला दगड कुठल्या रंगाचा आणि गवत केव्हा वाळतं ते नक्की कळवा.

आणि तो मुलगा आता सहावीला, पलीकडच्या गावच्या शाळेत आहे. गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीला सोडायला आला होता. ती यंदा माझ्याकडे चौथीत आहे. मी त्याला म्हटलं, वर्गाला दाखवायला डोंगरावरची साल आणि काड्या आणशील का? काही बोलला नाही. सोमवारी बहिणीच्या दप्तरातून एक पिशवी आली. आत सालीचे तुकडे होते, वाळलेल्या काड्यांची जुडी होती आणि बरणीचं एक झाकण होतं, पॉलिश पेपरने आधीच घासलेलं.